ताटातील परिग्रह : ओढग्रस्तीचा आहार आणि आपले पथ्य

अम्लपित्त व पांडुता या तक्रारींसाठी आमच्याकडे येणाऱ्या एका भगिनींस आम्ही नेहमीप्रमाणे औषध दिले आणि नेहमीप्रमाणेच पथ्याचा कागदही हाती ठेवला. त्यावर मुगाचे वरण, जुना तांदूळ, गाईचे तूप, दूध, डाळिंब असे सारे यथाशास्त्र लिहिलेले होते. महिन्याने त्या आल्या तेव्हा औषध वेळेवर घेतलेले होते, परंतु लक्षणांत उतार नव्हता. पथ्याविषयी विचारता त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तूप आमच्याकडे सणाला येतं. डाळिंब आणलं होतं एक, ते पोराला दिलं." यजमानांचे काम सुटल्याला चार महिने झाले होते. अधिक विचारपूस करता कळले की सकाळी चहा, दुपारी भात व पातळ आमटी आणि रात्री सर्वांची जेवणे झाल्यावर जे उरेल ते, असा त्यांचा दिनक्रम होता. आम्ही दिलेल्या बलवर्धक औषधाच्या बाटलीची किंमत आणि त्या घरातील महिन्याच्या डाळीचा खर्च जवळजवळ सारखाच होता. ही बेरीज आम्ही औषध देण्यापूर्वी करावयास हवी होती.

हा अनुभव केवळ आमचा असेल असे वाटत नाही. आर्थिक ओढाताण घरात शिरते ती प्रथम स्वयंपाकघराच्या वाटेने, आणि वैद्याच्या दारी येते ती मात्र अग्निमांद्य, मलावष्टंभ वा पांडुता या नावांनी. १८५७ साली जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास करून असे दाखविले की, उत्पन्न जितके कमी तितका त्यातील अन्नावरील खर्चाचा वाटा मोठा. म्हणूनच मिळकत घटली वा भाव चढले की गरिबाच्या ताटातच बदल करावा लागतो. अन्यत्र कापण्याजोगे फारसे काही नसते.

अष्ट आहारविधिविशेषायतने आणि टंचाई

हा बदल कसा होतो हे पाहण्यासाठी चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या आठ आयतनांहून अधिक उपयुक्त चौकट आम्हांस आढळली नाही.

प्रथम राशी. सर्वग्रह म्हणजे एकूण आहाराचे प्रमाण आणि परिग्रह म्हणजे त्यातील प्रत्येक द्रव्याचे प्रमाण, हा भेद आपण विद्यार्थिदशेत पाठ केला. टंचाईच्या घरात सर्वग्रह बराच काळ टिकून राहतो, परिग्रह मात्र मोडतो. पोट भरते, पण एकाच द्रव्याने. २०१५ साली तूरडाळीचा किरकोळ भाव किलोस २०० रुपयांच्या घरात गेला, तेव्हा कित्येक घरांत आमटी बंद झाली नाही; तिच्यातील पाणी वाढले. ताटात वाटी दिसत होती, वाटीत डाळ नव्हती. "वरण-भात खातो" असे रुग्ण सांगतो तेव्हा ते खोटे नसते; परंतु किती डाळीचे वरण किती माणसांत, हे विचारल्यावाचून त्या उत्तरास अर्थ नाही.

शिधावाटपाचेही तसेच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. उपासमारीविरुद्ध हा फार मोठा आधार आहे, यात शंका नाही. तथापि ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम, अर्थात साधारण ५७० किलोकॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये बैठे काम करणाऱ्या पुरुषाची गरज २११० किलोकॅलरी सांगितली आहे. उरलेले तीन हिस्से, आणि डाळ, तेल, भाजी हे बहुतांशी पदरच्या पैशांतूनच आणावे लागते.

द्रव्याची प्रकृती हे दुसरे आयतन. स्वस्त पर्याय नेहमीच निरुपद्रवी असतो असे नाही. भावप्रकाशात त्रिपुट म्हणून वर्णिलेली, विदर्भात लाख वा लाखोळी या नावाने परिचित असलेली डाळ खंजत्व व पंगुत्व आणते, असा इशारा त्या ग्रंथाने दिलेला आहे. अवर्षणातही तग धरणारे हे पीक दुष्काळात गरिबांचे मुख्य अन्न होई आणि काही महिने आहाराचा मोठा भाग तेच झाले की पायांचा स्तंभ दिसू लागे. म्हणजे येथेही प्रश्न द्रव्याइतकाच राशीचा होता.

देश आणि सात्म्य यांचा धडा १९७२ च्या दुष्काळाने दिला. ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या गावांत परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आली, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. त्या अन्नाने माणसे जगली, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. मात्र त्या पिढीतील वृद्ध आजही मिलोच्या भाकरीची चव आणि पोटाच्या तक्रारी आठवून सांगतात. असात्म्याचा स्वीकार पादांशिक क्रमाने करावा असे शास्त्र सांगते; टंचाईत तो एका रात्रीत करावा लागतो. आज उलटा प्रकार दिसतो. एके काळी गरिबाची समजली जाणारी ज्वारी शहरी दुकानांत अनेकदा गव्हाहून महाग असते, आणि जन्मभर भाकरी खाल्लेला मजूर शिध्याच्या गहू-तांदळावर येतो. त्याच्या मलावष्टंभाचे कारण शोधताना हे स्थित्यंतर विचारात घ्यावे.

करण, म्हणजे संस्कार, हा इंधनाशी बांधलेला आहे. सिलिंडर पुरवायचा असेल तर एकदाच शिजवून दोनदा खाणे ओघाने येते. शिजण्यास वेळ घेणारी कडधान्ये मागे पडतात. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरले जाते. संयोगात चहा व बिस्किटे जेवणाची जागा घेतात. गावात म्हैस असूनही दूध संकलन केंद्रावर जाते आणि घरात कोरा चहा उरतो. चहाने भूक मरते, म्हणून तो परवडतो. आणि म्हणूनच तो अग्नीस महाग पडतो. काल सरकतो, न्याहारी व दुपारचे जेवण एक होते, आणि विषमाशन हा त्या घराचा नियमच बनतो.

शेवटी उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. तंगी घरातील सर्वांस सारखी वाटली जात नाही. वाढणारी शेवटी जेवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, यामागे पंगतीतील हा क्रमही एक कारण आहे.

परवडणारे पथ्य

गरिबीने सारेच बिघडविले असे मात्र नव्हे. आंबील, माडगे, पिठले, कढण, उन्हाळ्यातील सांडगे, वाळवलेली हरभऱ्याची भाजी, बांधावरचा घोळ आणि तांदुळजा हे सारे तुटपुंज्या सामग्रीतून अग्नी सांभाळणाऱ्या गृहिणींचेच शोध आहेत. नवे पथ्य सुचविण्यापूर्वी रुग्णाच्या आजीच्या स्वयंपाकघरात डोकावावे, असे आम्हांस वाटते.

त्या भगिनींचा कागद आम्ही फाडून पुन्हा लिहिला. तूप व डाळिंब काढले. कुळीथ स्वस्त खरे, परंतु उष्ण व अम्लविपाकी असल्याने अम्लपित्तात योग्य नव्हेत. म्हणून मूठभर मुगाचे कढण, तेही स्वतः आधी घेण्याच्या अटीवर, ठेवले. उपाशीपोटीचा चहा बंद करून तेथे रात्रीच्या भाताची, ताज्या पाण्यात शिजवलेली पेज सांगितली. भाजीत तांदुळजा. रक्त तपासून घेतले आणि लोहाच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविले; त्या तेथे विनामूल्य मिळतात आणि त्यात आपल्या शास्त्राचा कोणताही कमीपणा नाही. महागडी बाटली थांबविली. दोन महिन्यांनी छातीतील जळजळ बरीच कमी झाली होती, आणि रक्ताचे प्रमाण सावकाश का होईना, वर येत होते.

वैद्यबंधु-भगिनींना आमची एवढीच विनंती आहे की, प्रश्नपरीक्षेत तीन साधे प्रश्न घालावेत : घरात जेवणारी माणसे किती, महिन्याला डाळ किती येते, आणि आपण कोणानंतर जेवता? हे विचारताना स्वर तपासणीचा नसावा, घरच्या माणसाचा असावा. ओढग्रस्त माणूस उपवास सांगेल, पण उपासमार सांगणार नाही. औषधालयचालकांनीही गल्ल्यापलीकडच्या चेहऱ्याकडे पाहावे. उधारीवर बलवर्धक मागणाऱ्या गिऱ्हाइकास कधी "यापेक्षा पाव किलो मूग न्या" असे सांगण्याने त्या दिवसाची विक्री घटेल, परंतु ते घर आपल्यावर विश्वास ठेवील.

पथ्य पाळले तर औषधाचे काय काम, असे आपण रुग्णास नेहमी ऐकवितो. ते पथ्य विकत घेण्याची ऐपत त्याच्यापाशी आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र आपली आहे.