‘सेव्ह’ केलं की डोकं मोकळं

रेल्वेचं तिकीट काढलं, लगेच स्क्रीनशॉट घेतला. तेवढ्यात आईनं विचारलं, “डबा कुठला आला रे?” उत्तर पाठ नाही! डबा आणि बर्थ आत्ताच तर डोळ्यांसमोर होते. फोटो मोबाईलमध्ये कुठे पडलाय, ते मात्र बोटांना बरोबर ठाऊक.

ही गंमत मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी 2011 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. त्यांनी लोकांकडून 40 वाक्यं कॉम्प्युटरवर टाइप करून घेतली. त्यातलं एक होतं, शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूहून मोठा असतो. निम्म्यांना सांगितलं, हे सेव्ह होईल. उरलेल्यांना सांगितलं, पुसलं जाईल. पुसलं जाणार म्हटल्यावर लोकांनी जास्त वाक्यं लक्षात ठेवली. दुसऱ्या एका प्रयोगात तर मजकुरापेक्षा तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे हेच अधिक आठवलं.

या सहकाऱ्यांपैकी डॅनिएल वेग्नर यांनी 1985 मध्येच सांगितलं होतं की जवळची माणसं आठवणी वाटून घेतात. घरात एकाला सगळ्यांचे वाढदिवस पाठ, तर दुसऱ्याला विम्याचे हप्ते. ‘काय’ एकाकडे, ‘कोणाला विचारायचं’ सगळ्यांकडे. या वाटणीत आता मोबाईलही भागीदार झालाय.

भागीदार आला म्हणून आठवण जायलाच हवी असं मात्र नाही. लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं. ज्या वस्तूंचे नुसते फोटो काढले, त्या दुसऱ्या दिवशी कमी आठवल्या. पण एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, तर आठवण शाबूत! फोटोत न आलेला भागसुद्धा लक्षात राहिला. लक्ष देऊन पाहिलं की कॅमेरा आड येत नाही.

सगळ्यात नवल पुढेच आहे. 2015 मध्ये बेंजामिन स्टॉर्म आणि शॉन स्टोन यांनी लोकांना एकामागून एक दोन फाइली पाठ करायला दिल्या. दुसरी उघडण्याआधी पहिली सेव्ह करू दिली, तर दुसरी अधिक चांगली पाठ झाली. पहिलीचं ओझं उतरलं आणि नव्याला जागा मिळाली. मात्र सेव्ह होईलच याची खात्री नाही असं कळताच हा फायदा नाहीसा झाला. म्हणजे आपल्या नकळत डोकं आधी भागीदाराची पत जोखतं, मगच भार खाली ठेवतं. बटण दाबलं एवढ्यानं त्याचं समाधान होत नाही; त्याला भरवसा लागतो.