भद्रावतीत जपानी स्पोर्ट्स कार आणायची तर

गाडीच्या वेडापायी जमिनीचा तुकडा विकायला निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे. जपानमध्येही स्टिअरिंग उजवीकडे आणि मीटर किलोमीटरचा, त्यामुळे तिथली गाडी आपल्याकडे सहज येईल असं वाटतं. पण वापरलेली गाडी आयात करताना ती तयार होऊन तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेली चालत नाही, आणि ती मुंबई बंदरातच उतरवावी लागते. म्हणजे मनात घर करून बसलेली 1999 ची निसान स्कायलाइन जीटी-आर आपल्या रस्त्यासाठी आणता येत नाही. "कागदपत्रं करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला इसार देऊ नका. नियमात बसणारी गाडी आणली तरी सीमाशुल्क आणि जीएसटी धरून किंमत दुपटीच्याही वर जाते. निसानने जीटी-आर 2016 मध्ये भारतात अधिकृतपणे आणली, तेव्हाच तिची किंमत दोन कोटींच्या घरात होती.

गाडीला इथली एमएच-34 पाटी लागली तरी खरी परीक्षा पुढेच. जीटी-आरचं पोट जमिनीपासून जेमतेम अकरा सेंटिमीटर उंच, आणि आपले गतिरोधक कित्येकदा त्याहून उंच. पोट घासल्याचा आवाज आला की काळजात धस्स होतं. खाणीकडून येणाऱ्या ट्रकांमागे कोळशाची बारीक भुकटी उडते, म्हणून एअर फिल्टर वरचेवर उघडून पाहावा लागतो. जपानमधलं उंची पेट्रोल शंभरच्या आसपास ऑक्टेनचं, आणि इंजिन त्यावर बेतलेलं. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. अशा इंजिनाच्या रबरी नळ्यांना ते मानवेलच असं नाही. सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक नागपुरात तरी मिळतील का, हे आधी विचारा, मगच पैसे मोजा.