गुलाबी अळी आता का मरत नाही?

२००२ साली बीटी कपाशी आली आणि बोंडअळीची चिंता मिटली, असे आपल्याला वाटले. पण २०१७ साली विदर्भात गुलाबी अळीने बोंडे पोखरली. वर्ध्याची कपाशीही सुटली नाही. असे का झाले?

बीटीचे विष अळीच्या आतड्यातील ठरावीक प्रथिनाला चिकटले, तरच ती मरते. काही अळ्यांत हे प्रथिन घडविणारे जनुकच बिघडलेले असते. विष चिकटत नाही. अळी जगते आणि तो बिघाड पुढच्या पिढीला देते. फरदड ठेवली की अशा अळ्यांना आयते अन्न मिळते.

म्हणून डिसेंबरअखेर वेचणी आटपा. चुलीसाठी पऱ्हाट्यांचा ढीग घराशी रचू नका. उरलेल्या किडक्या बोंडांत अळी दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते.