मोबाईलमधले शोधयंत्र आपण निवडले होते काय?

सिंदखेड राजा तालुक्यातील दुसरबीड, किनगाव राजा, साखरखेर्डा, मलकापूर पांग्रा या गावांतल्या आपल्या तरुणांना एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. मोबाईलवर काहीही शोधायचे झाले की जे शोधयंत्र समोर येते, ते तुम्ही स्वतः निवडले होते काय? पोरे सांगतील, ‘सर, मोबाईल घेतला तेव्हापासून तेच आहे.’ नेमका हाच या लेखाचा विषय आहे.

जे न मागता, न विचारता आधीच बसवून ठेवलेले असते, त्याला संगणकाच्या भाषेत ‘डिफॉल्ट’ म्हणतात. हाच शब्द कोर्टाची पायरी चढलेल्या आपल्या लोकांनी वेगळ्या अर्थाने ऐकला आहे. तारखेला पक्षकार हजर नसला, त्याचा वकीलही उभा राहिला नाही, तर दावा ‘डिफॉल्ट’मध्ये निघतो. आपल्या गैरहजेरीत निकाल लागतो. दोन्हीकडे अर्थ एकच! तुम्ही गैरहजर होता, म्हणून तुमचा निर्णय दुसऱ्याने घेतला.

कोणी म्हणेल, समाजापुढे बेरोजगारी, शिष्यवृत्ती, गायरान जमिनी असे जळते प्रश्न असताना मोबाईलमधल्या एका बटणाचे काय घेऊन बसलात? परंतु या सर्व प्रश्नांची वाट आता त्याच बटणातून जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, सातबारा, सोयाबीनचा भाव, आजारावरचे औषध, भरतीची जाहिरात, सगळे आधी मोबाईलवर शोधले जाते. शोधणारा सहसा वरचे दोन-तीन निकाल पाहतो आणि थांबतो. त्यातही सर्वांत वर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरात लिहिलेली, म्हणजे पैसे मोजून तेथे बसलेली जाहिरात असू शकते. सरकारी वाटावे असे नाव लावून अर्जाचे पैसे उकळणारी दुकाने तेथेच सापडतात. काय वर ठेवायचे आणि काय खाली ढकलायचे हे ज्याच्या हातात आहे, त्याच्या हातात आपल्या माहितीचा दरवाजा आहे.

कायद्यातलेच उदाहरण घ्या. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुभाष महाजन प्रकरणात अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आणि अटकेपूर्वी परवानगीची अट आली. देशभर आपला समाज रस्त्यावर उतरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून त्या अटी दूर केल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-अ वैध ठरवले. आता कल्पना करा, मारहाण झालेल्या एखाद्या मजुराच्या मुलाने रात्री मोबाईलवर हा कायदा शोधला आणि शोधयंत्राने मार्च २०१८ ची बातमी त्याच्यापुढे टाकली. ‘आधी चौकशी होते, मग गुन्हा’ असे समजून तो घरीच बसेल. ठाणेदारानेही तेच सांगितले तर त्याला ते खरेच वाटेल. हक्क कायद्यात असूनही तो माणसापर्यंत पोहोचला नाही, असाच याचा अर्थ.

हे बटण इतके क्षुल्लक असते, तर त्यासाठी कोणी पैसे मोजले असते काय? अमेरिकेत सरकारने गुगलविरुद्ध २०२० साली दाखल केलेल्या खटल्यात जो पुरावा पुढे आला, तो वाचून डोळे विस्फारतात. आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले राहावे म्हणून गुगलने २०२१ या एका वर्षात मोबाईल कंपन्या, ब्राउझर कंपन्या वगैरेंना २६.३ अब्ज डॉलर दिले. त्या वेळच्या दराने जवळपास दोन लाख कोटी रुपये! ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की, गुगलने शोधाच्या बाजारातली मक्तेदारी बेकायदेशीर मार्गाने टिकवून ठेवली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी एकट्यालाच जागा देणारे करार करण्यास मनाई केली, मात्र जागेसाठी पैसे देणे पूर्णपणे बंद केले नाही. माणूस आहे तेच वापरत राहतो, बदलायला जात नाही, या आपल्या सवयीची ही किंमत आहे. आपला आळस कोणीतरी विकत घेतला आणि आपल्याला त्यातला एक पैसाही मिळाला नाही.

आपल्या देशातली हकिगत तर आपल्या तरुणांनी मुद्दाम वाचावी. उमर जावेद, सुकर्मा थापर आणि आकिब जावेद या तीन तरुणांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. मोबाईल कंपन्यांना प्ले स्टोअर हवे असेल, तर गुगलचे शोधयंत्र आणि क्रोम ब्राउझरही आधीच बसवून द्यावे लागतात, असा तक्रारीचा गाभा होता. एप्रिल २०१९ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि बजावले की, नवा मोबाईल सुरू करतानाच शोधयंत्र निवडण्याची मुभा ग्राहकाला द्या, नंतरही कमीत कमी पायऱ्यांत ते बदलता आले पाहिजे. गुगल अपिलात गेली. १९ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती देण्यास नकार दिला. त्यानंतर आठवड्याभरातच भारतातील ग्राहकांना शोधयंत्राची निवड देऊ, असे गुगलने जाहीर केले. २९ मार्च २०२३ रोजी अपिली न्यायाधिकरणाने आयोगाचे चार निर्देश रद्द केले, परंतु दंड कायम ठेवला आणि शोधयंत्राच्या निवडीचा निर्देशही शाबूत राहिला. तीन तरुण, एक तक्रार अर्ज आणि २००२ च्या स्पर्धा कायद्याचे कलम ४, एवढ्या भांडवलावर जगातल्या बलाढ्य कंपनीला वाकावे लागले. संविधानिक मार्ग निरुपयोगी आहे असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग हक्क मिळाला आणि आपण काय केले? पडद्यावर निवड आली तेव्हा ‘पुढे’ हे बटण दाबून मोकळे झालो. कागदावरचा हक्क न वापरल्याने कसा मरतो, हे आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. कायद्याच्या दृष्टीने मौन म्हणजे संमती नव्हे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याच्या कलम ६ मध्येही संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, असे म्हटले आहे. व्यवहारात मात्र मौनाचाच फायदा घेतला जातो.

न विचारता भरलेल्या रकान्याचे दुःख बौद्धांना चांगले ठाऊक आहे. जनगणनेला आलेला प्रगणक घराकडे बघतो, आडनाव ऐकतो आणि धर्माच्या रकान्यात परस्पर ‘हिंदू’ लिहून पुढे जातो. म्हणूनच ‘धर्म बौद्ध लिहा, लिहिलेले वाचून घ्या’ ही मोहीम चळवळीला दर जनगणनेत करावी लागते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांवर नोंदली गेली. रकाना आपण सांगू तसाच भरला जावा यासाठी झटलेल्या कार्यकर्त्यांचे श्रम त्या आकड्यात आहेत. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतली. जन्माने लादलेले नाकारून विचारपूर्वक निवडलेले स्वीकारण्याचा एवढा मोठा धडा ज्या समाजाजवळ आहे, त्या समाजाने मोबाईलमधली लादलेली गोष्ट मुकाट्याने स्वीकारावी काय?

दरवाजा दुसऱ्याच्या हातात असण्याचा अनुभवही जुनाच आहे. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. त्या नकाराला निदान चेहरा होता. आज वृत्तपत्र, पुस्तक किंवा आंदोलन शोधयंत्राच्या पाचव्या पानावर गेले, तर नकार कोणी दिला हेही कळत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. क्रोम उघडा, कोपऱ्यातील तीन ठिपके दाबा, ‘सेटिंग्ज’मध्ये जा आणि ‘सर्च इंजिन’ निवडा. गुगलबरोबर बिंग, डकडकगो अशी नावे येतील. हवे त्यावर बोट ठेवा, झाले. फायरफॉक्समध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘सर्च’ आणि त्यात डिफॉल्टचा पर्याय आहे. एक ध्यानात ठेवा, बहुतेक फोनच्या पहिल्या पडद्यावर गुगलची जी शोधपट्टी असते, तिला क्रोममधला बदल लागू होत नाही. ती पट्टी वेगळी काढावी लागते.

येथे भाबडेपणाही नको. डकडकगो शोधणाऱ्याचा माग ठेवत नाही असे सांगते, पण तिचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. मराठीत शोधताना कधी कधी गुगलच सरस ठरते. तेव्हा गुगल सोडलेच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. तुलना करून कोणी गुगलच ठेवले तर ती त्याची निवड झाली. मात्र कायदा, आरोग्य आणि पैसा या तीन बाबतींत एकाच शोधयंत्रावर विसंबू नका. दोन ठिकाणी पाहा, बातमीची तारीख पाहा, मूळ सरकारी संकेतस्थळ उघडा. बाजारात एकच व्यापारी असला की भाव त्याचाच असतो, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. माहितीच्या बाजाराचेही तसेच आहे.

तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आपण विहारात दरवर्षी ऐकतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काहीही मानू नका, स्वतः तपासा. पहिल्या क्रमांकावर दिसले म्हणून मानू नका, हे त्यात आज आपण जोडले पाहिजे.

गावोगावच्या युवक मंडळांना आणि महिला मंडळांना माझे आवाहन आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास काढा. दहावी-बारावीच्या मुलामुलींना पुढे बसवा, प्रत्येकाच्या हातातला मोबाईल उघडायला लावा आणि शोधयंत्र निवडायला शिकवा. मग कलम १८-अ दोन शोधयंत्रांवर शोधायला सांगा आणि निकालांतला फरक त्यांनाच वाचून दाखवू द्या. याला वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही. ज्या मुलीला हा फरक एकदा दिसेल, ती पुढच्या वेळी शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पैसे भरण्यापूर्वी थांबेल आणि जनगणनेचा प्रगणक दारात आला की ‘काय लिहिलेत ते दाखवा’ असेही विचारेल.

जय भीम!