रक्त ऑक्सिजन सोडतं तेव्हा

ऑपरेशन थिएटरमधून पेशंटची खाट बाहेर येते तेव्हा तिच्याबरोबर पाच-सहा माणसं चालत असतात. उशाशी भूलतज्ज्ञ हाताने फुगा दाबत श्वास देत असतात, एक सिस्टर औषधांच्या पंपांचा स्टँड सांभाळत असतात, मामा खाट वळवत असतात आणि छातीतून निघालेल्या ड्रेनच्या नळ्या कुठे अडकू नयेत म्हणून कुणीतरी वाकून चालत असतं. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या परवानगीने हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात बसून मी हे पाहत होते. साठीच्या पुढचे एक काका, बायपास झालेले. खाट जागेवर लागली, व्हेंटिलेटर जोडला गेला आणि मॉनिटरवर आकडे उमटू लागले. बोटाला लावलेल्या चिमट्याचा आकडा होता 99.

काचेपलीकडून मुलाने पहिला प्रश्न विचारला, "ऑक्सिजन किती आहे?" 99 ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. कोविडनंतर हा आकडा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. सिस्टर मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मनगटाच्या धमनीतल्या नळीतून त्यांनी सिरिंजमध्ये थोडं रक्त घेतलं आणि कोपऱ्यातल्या यंत्राकडे गेल्या. "एबीजी बघितल्याशिवाय काही खरं नाही," त्या म्हणाल्या. धमनीतल्या रक्तातले वायू, आम्लता, हिमोग्लोबिन, लॅक्टेट असं सगळं एका चिठ्ठीवर छापणारी ही तपासणी. त्या रात्री अशा अनेक चिठ्ठ्या निघाल्या आणि प्रत्येक चिठ्ठीने मला त्या 99 ची मर्यादा दाखवली.

जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1974 च्या सुमारास शोधलेलं बोटाच्या त्या चिमट्याचं, म्हणजे ऑक्सिमीटरचं, तत्त्व साधं आहे. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार सोडायचे आणि धडधडत्या रक्ताने त्यातला कुठला किती शोषला ते मोजायचं. त्यातून कळतं ते एवढंच, की जेवढं हिमोग्लोबिन आहे त्याच्या किती टक्के भागावर ऑक्सिजन चढलेला आहे. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे त्या चिमट्याला ठाऊक नसतं.

काकांचं हिमोग्लोबिन शस्त्रक्रियेआधी 13 होतं. पहिल्या चिठ्ठीवर ते 9 निघालं. थोडा रक्तस्राव झालाच होता, पण मुख्य कारण वेगळं होतं. हार्ट-लंग मशीनच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर आधी सलाइनसारख्या द्रवाने भरून घ्यावे लागतात. मोठ्या माणसासाठी हा द्रव लिटर-दीड लिटर लागतो. मशीन सुरू होताच तो रक्तात मिसळतो आणि रक्त पातळ होतं. 1953 च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी अशा मशीनच्या आधाराने पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली. तेव्हापासून यंत्रं खूप सुधारली, पण रक्त पातळ होण्याची ही किंमत अजून पूर्णपणे टळलेली नाही.

ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडमनी चिठ्ठीच्या मागे मला हिशेब मांडून दाखवला. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन 13 असताना काकांच्या दर 100 मिलिलिटर रक्तात साधारण 17 मिलिलिटर ऑक्सिजन होता, आता जेमतेम 12. टक्केवारी तेव्हाही उत्तम होती, आताही उत्तमच. पण मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलणारं हृदय आधी शरीराला साडेआठशे मिलिलिटर ऑक्सिजन पोचवत असेल, तर आता तेवढ्याच कामात सहाशेच पोचवणार. आणि नुकतंच थांबवून पुन्हा सुरू केलेलं हृदय पहिल्या काही तासांत थकलेलं असतं.

मग नळीतून ऑक्सिजन वाढवला तर? त्याचं उत्तर पुढच्या चिठ्ठीवर होतं. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब 240 आला, नेहमीच्या दुपटीहून जास्त. मॅडमनी व्हेंटिलेटरवरचं ऑक्सिजनचं प्रमाण कमी करायला सांगितलं. हिमोग्लोबिन एकदा भरलं की वरचा ऑक्सिजन रक्तद्रवात नुसता विरघळतो, आणि तो अगदीच थोडा असतो. दाब 240 असला तरी 100 मिलिलिटर रक्तात जेमतेम पाऊण मिलिलिटर. तेवढ्यासाठी फुप्फुसांना जादा ऑक्सिजनचा मारा सोसायला लावण्यात अर्थ नसतो.

आतापर्यंतची गोष्ट ऑक्सिजन घेण्याची झाली. मला जास्त गुंतवलं ते तो सोडण्याच्या गोष्टीने.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात. प्रत्येकात लोहाच्या चार जागा, म्हणजे ऑक्सिजनचे चार रेणू. पहिला बसला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि पुढच्यांना बसणं सोपं जातं. मॅक्स पेरुट्झ यांनी वर्षानुवर्षं क्ष-किरणांनी या रेणूची रचना उलगडली आणि 1962 चं नोबेल जॉन केंड्र्यू यांच्यासह मिळवलं. ऑक्सिजन सोडतानाही हेच उलट्या क्रमाने घडतं, एक सुटला की पुढचे सुटायला लागतात. म्हणून फुप्फुसात दाब 100 वरून 60 वर आला तरी हिमोग्लोबिन 90 टक्के भरलेलं राहतं, पण पेशींच्या आसपास तो 40 वर येताच पाव हिस्सा ऑक्सिजन उतरतो आणि 27 च्या आसपास निम्मा. जिथे भरायचं तिथे चिकाटी, जिथे द्यायचं तिथे सैल हात.

हा हात किती सैल राहील, हे आजूबाजूची परिस्थिती ठरवते. काम करणारा स्नायू गरम असतो, आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत असतो. नेमक्या याच गोष्टी हिमोग्लोबिनची पकड ढिली करतात. डेन्मार्कच्या क्रिस्टियान बोर यांनी सहकाऱ्यांसह 1904 मध्ये कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम दाखवला. जिथे गरज जास्त, तिथे रक्त न सांगता जास्त देतं. थंडी आणि कार्बन डायऑक्साइडची कमतरता असेल तर मात्र पकड घट्ट होते.

काकांच्या बाबतीत ही दोन्ही कारणं हजर होती. शस्त्रक्रियेत शरीर थंड केलेलं होतं. नंतर पुन्हा गरम केलं, तरी हातापायांतला गारवा रक्तात परतत राहतो. तापमान होतं 35.4. शिवाय व्हेंटिलेटर गरजेपेक्षा जोरात श्वास देत होता, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड 28 वर उतरला होता आणि रक्ताचा पीएच 7.52 झाला होता. मॅडमनी श्वासांची गती कमी केली. काकांच्या मुलाने हे पाहिलं असतं तर तो घाबरला असता. पण जास्त श्वास म्हणजे पेशींना जास्त ऑक्सिजन असं नसतं. कार्बन डायऑक्साइड फार धुऊन काढला, तर रक्त ऑक्सिजन घेऊन पेशीच्या दारापर्यंत जातं आणि तसंच पुढे निघून जातं.

अंगावर गरम हवेचं ब्लँकेट आलं. तरीही भूल उतरताना काकांना हुडहुडी भरली. जबडा, खांदे, मांड्या, सगळं थरथरत होतं. मला ते किरकोळ वाटलं, सिस्टर मात्र धावल्या. हुडहुडीत स्नायूंची ऑक्सिजनची मागणी दुपटीहून वर जाऊ शकते. मानेतल्या मोठ्या शिरेच्या नळीतून रक्त तपासलं. हे शरीराला देऊन परत आलेलं रक्त. निरोगी माणसात त्यात साधारण 70 टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. काकांचा थोड्या वेळापूर्वी 65 होता, आता 53. बोटाचा चिमटा याही वेळी 99 च दाखवत होता. औषधाने थरथर थांबवली आणि अर्ध्या तासात आकडा पुन्हा साठीच्या वर आला. किती ऑक्सिजन गेला हे धमनी सांगते, पण तो पुरला की नाही हे शीर सांगते. हृदयाच्या स्नायूला तर शिल्लक ऑक्सिजन वापरण्याची सवलतही नसते. तो विश्रांतीतसुद्धा मिळालेल्या ऑक्सिजनपैकी 60-70 टक्के वापरून टाकतो, त्यामुळे जास्त हवा असेल तर जास्त रक्तच यावं लागतं. बायपास करायचा तो याचसाठी.

हिमोग्लोबिन 9 आहे तर रक्ताची पिशवी का लावत नाहीत, हा प्रश्न मलाही पडला. एक कारण साठवलेल्या रक्तातच आहे. तांबड्या पेशी साखरेपासून 2,3-डीपीजी नावाचा पदार्थ बनवतात आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो. रक्तक्षय झाला की शरीर तो वाढवतं, थोड्या रक्तातून जास्त काढून घेतं. रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये मात्र तो दोनेक आठवड्यांत जवळजवळ संपतो. अशी पिशवी म्हणजे भरलेला पण झाकण घट्ट बसलेला जेवणाचा डबा. शरीरात गेल्यावर पेशी तो पदार्थ पुन्हा तयार करतात, त्याला एक-दोन दिवस लागतात. रक्तस्राव होत असेल तर पिशवी जीव वाचवते, त्यात शंका नाही. पण नुसता आकडा सजवण्यासाठी ती द्यायची नसते. हृदयशस्त्रक्रियेच्या पाच हजारांवर रुग्णांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रिक्स-थ्री अभ्यासात, हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली गेल्यावरच रक्त देण्याचं धोरण सढळपणे रक्त देण्याइतकंच सुरक्षित ठरलं. पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं लॅक्टेट काकांच्या रक्तात 2.4 वरून 1.6 वर आलं होतं, लघवी चांगली होत होती, पाय गरम झाले होते. पेशींना पुरेसं मिळत होतं. पिशवी रक्तपेढीतच राहिली.

पहाटे श्वासाची नळी निघाली. त्यानंतरचं काम काकांचं स्वतःचं होतं. शिवलेलं छातीचं हाड दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, मग फुप्फुसांचा तळ मिटतो आणि तिथून जाणारं रक्त रिकामंच परततं. फिजिओथेरपिस्टनी छातीशी उशी धरून खोकायला लावलं, श्वास आत ओढून उचलायच्या तीन गोळ्यांचं यंत्र हातात दिलं. एक गोळी उचलली गेली, दुसरी हलली. "काका, तासाला दहा वेळा," त्या बजावून गेल्या. दुखणं अंगावर काढू नका, वेदनाशामक मागून घ्या, हेही सांगून गेल्या. तो सल्ला उपचाराइतकाच महत्त्वाचा होता.

एवढं पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. ठरवून करायच्या हृदयशस्त्रक्रियेची तयारी रुग्णाच्या हिमोग्लोबिनपासून सुरू व्हायला हवी. काका 13 वर होते म्हणून 9 वर तगले. 10 वर असलेल्या बाईचं रक्त त्याच मशीनवर पातळ होऊन कुठे पोचेल, याचा विचार करा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि तो वयाबरोबर आपोआप जात नाही. लोहाची कमतरता भरून काढायला काही आठवडे लागतात, तातडी नसेल तर ते बहुधा मिळतात. घरात कुणाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरत असेल, तर डॉक्टरांना विचारा: हिमोग्लोबिन किती आहे, कमी असेल तर का, आणि ते आधी वाढवता येईल का?