गाडीच्या आधी दहा वर्षं

तोक्योहून सुटलेली कागायाकी ही शिनकान्सेन, म्हणजे जपानची अतिवेगवान गाडी, अडीच तासांत कानाझावाला पोचते. उतरल्यावर मी घाई करत नाही; आधी फलाटावरचे खांब बघते. त्यांच्यावर सोन्याचा वर्ख आहे. जपानमधला जवळजवळ सगळा वर्ख याच शहरात बनतो, त्यामुळे गावाची ओळख फलाटावरच होते.

रूळ उंचावर आहेत आणि खालून पूर्व-पश्चिम मोकळी वाट जाते. तिकीट नसलेली माणसंही इथून सहज ये-जा करतात, शाळेची मुलं, बाजारहाट करून निघालेल्या बायका. रुळांनी शहराचे दोन तुकडे पडलेले नाहीत.

पूर्वेला बाहेर पडलं की डोक्यावर आकाशाऐवजी काच येते. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ३,००० हून अधिक काचा बसवलेलं हे प्रचंड छत. जपानच्या समुद्रावरून येणारे ढग हिवाळाभर इथे पाऊस आणि बर्फ ओततात; पाहुण्याच्या डोक्यावर पहिलं छत्र शहरानेच धरायचं, हा त्यामागचा विचार. छताच्या टोकाला १३.७ मीटर उंचीची लाकडी वेस आहे. तिचे पीळदार खांब त्सुझुमीच्या आकाराचे, म्हणजे आपल्या डमरूसारखे मधे निमुळते. त्सुझुमी हे नोह नाट्यातलं वाद्य, आणि नोह ही या शहराने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कला. वेशीला लागूनच बसथांबे आहेत; तिथून बस जुन्या बाजाराकडे, केनरोकुएन बागेकडे निघतात.

छत आणि वेस २००५ मध्ये पूर्ण झाली. शिनकान्सेन इथे आली १४ मार्च २०१५ रोजी.

म्हणजे गाडीच्या दहा वर्षं आधीच शहर तयार होतं. सगळीकडे असं झालं नाही. शिनकान्सेनच्या १९६४ च्या पहिल्या मार्गाला वेगासाठी सरळ रेषा हवी होती, म्हणून शिन-योकोहामा स्टेशन जुन्या शहरापासून दूर, शेतांमध्ये उभं राहिलं. त्याच्याभोवती वस्ती दाटायला काही दशकं गेली. गाडी वेळेवर येत होती. वाट बघावी लागली ती शहराची.

आपल्याकडचा मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेमार्ग शिनकान्सेनच्याच तंत्रज्ञानावर उभा राहतो आहे. वांद्रे-कुर्ला संकुलाखेरीज महाराष्ट्रात ठाणे, विरार आणि बोईसर इथे स्टेशनं होतील. तिथल्या खांबांइतकाच विचार पायऱ्या उतरल्यानंतरच्या पहिल्या शंभर पावलांचा व्हायला हवा: भर पावसात माणूस कुठे उभा राहील, बस कुठे लागेल, पलीकडच्या वस्तीतली मुलं कुठून जातील. ही पावलं आजच नकाशावर आखली, तर गाडी येईल तेव्हा गावही तयार असेल.