मिस्त्रीच्या थैलीतील यंत्रे

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, पुण्याजवळच्या भोसरी, चिखली किंवा चाकण येथील एखाद्या लाकूडकामाच्या शेडमध्ये सकाळी जाऊन उभे राहिले, तर झाडून स्वच्छ केलेल्या भुईवर मांडलेल्या फळीवर करवत, रंधा, पटाशी, गुण्या ही जुनी मंडळी झेंडूची फुले अंगावर घेऊन बसलेली दिसतात, आणि त्यांच्याच पंक्तीला, वायर नीट गुंडाळलेली आणि हळदीकुंकवाची बोटे लावलेली ड्रिल मशीन, रंधा मशीन, राऊटर, खिळे मारण्याची गन आणि सर्वांच्या पुढे एक लहानसे, चार इंची चकतीचे यंत्र मांडलेले असते, ज्याला ह्या धंद्यात नुसते ‘कटर’ म्हणतात. उत्तर प्रदेश आणि बिहारकडील कारागिरांनी आपली विश्वकर्मापूजा त्याआधीच १७ सप्टेंबरला उरकलेली असते. मराठी सुतार-पांचाळांची विश्वकर्मा जयंती पुढे माघ शुद्ध त्रयोदशीस येते. एकाच औद्योगिक पट्ट्यात हत्यारांस वर्षातून असे तीनदा वंदन घडते.

लाकूडकाम करणाऱ्या इसमाला तुमचे आवडते यंत्र कोणते असे विचारले, तर तो क्वचितच सर्वांत महाग अथवा सर्वांत शक्तिमान यंत्राचे नाव घेतो. ज्या यंत्राने त्याच्या खांद्याचा भार हलका केला आणि तरीही रेघ कोठे मारायची, फळी कोणत्या बाजूने धरायची, गाठ कोठे चुकवायची हा निर्णय त्याच्याच डोळ्यांकडे ठेवला, त्या यंत्रावर त्याचे मन बसते. परंतु ह्या आवडीमागे आणखी एक गोष्ट असते, आणि ती म्हणजे त्या यंत्राची मालकी. कारखान्यातील यंत्र मालकाचे असते, थैलीतील यंत्र स्वतःचे असते. आणि माणसाचा जीव बहुधा स्वतःच्या थैलीत गुंतलेला असतो.

जुन्या गावगाड्यात मालकीचा हा प्रश्न उद्भवतच नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ ह्या ग्रंथात बलुतेदारांच्या ज्या वहिवाटीचे साद्यंत वर्णन आले आहे, तीत सुताराचे स्थान अग्रभागी होते. खेड आणि हवेली तालुक्यांच्या मौज्यांतून बाभळीच्या लाकडाची गाडी, नांगर, पाभर, मोटेचे चाक हे सारे त्याने वाकस, करवत आणि गिरमिट एवढ्या सरंजामावर घडवावे आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर आपले बलुते घ्यावे, असा तो व्यवहार होता. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर सिद्ध केला तेव्हा ह्या व्यवहारास पहिला तडा गेला, आणि १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहून १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर, जेथे बैलगाडीची चाके वळविली जात होती तेथे पाहता पाहता मोटारी आणि स्कूटरी वळविल्या जाऊ लागल्या.

लाकडाचे राज्य मात्र त्यामुळे संपले नाही, ही गोष्ट ह्या लोखंडी पट्ट्याबाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. बिडाचा कोणताही भाग ओतावयाचा झाला तर आधी त्याची प्रतिकृती लागते, आणि ती प्रतिकृती, जिला धंद्यात पॅटर्न म्हणतात, कित्येक दशके सागाची किंवा पाइनची असे. पॅटर्नमेकर हा माझ्या मते सुतारांतील गणिती होय. ओतलेले बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून ३०० मिलिमीटरचा भाग हवा असेल तर त्याला ३०३ मिलिमीटरचा पॅटर्न करावा लागतो. पोलादाचे आकुंचन त्याच्या जवळजवळ दुप्पट, ॲल्युमिनियमचे ह्या दोहोंच्या मधले. त्यासाठी त्याच्याजवळ निराळ्या मोजपट्ट्या असतात, ज्यांवरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा तितकाच मोठा कोरलेला असतो. शिवाय पॅटर्न वाळूतून उचलताना साचा ढासळू नये म्हणून उभ्या बाजूंना अगदी किंचित उतार द्यावा लागतो, आणि ज्या पृष्ठभागावर पुढे लेथ किंवा मिलिंगची कातरणी चालणार, तेथे त्या कातरणीपुरती जाडी राखावी लागते. म्हणजे जी वस्तू तो करीत असतो ती कोणाच्याही उपयोगाची नसते, तिच्या पोकळीतून जन्मणारी दुसरी वस्तू उपयोगाची असते, आणि ती त्याने मनातच आधी पाहिलेली असते. अशा कारागिराला डिस्क सँडर प्रिय असावा हे स्वाभाविक आहे. कारण फिरत्या घासकागदाच्या तबकडीपुढचे टेबल एखाददुसऱ्या अंशात कलते करून लाकडावरून केसाएवढा थर उतरवावा आणि रेघेवर अचूक थांबावे, हे सुख बँडसॉही देत नाही. आता संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे राळेच्या ठोकळ्यांतून तेच काम करू लागली आहेत, आणि हे कसब हळूहळू निवृत्त होत आहे. त्याची नोंद कोणी तरी वेळीच करून ठेवावयास हवी होती.

दुसरे विश्व पॅकिंगचे. चाकणचे मोटार-कारखाने, ज्यांत २००९ साली उघडलेला फोक्सवॅगनचाही आहे, आणि त्यांना माल पुरविणारे असंख्य लहानमोठे कारखाने ह्यांचे यंत्रभाग परदेशी जातात ते बहुधा लाकडी पॅलेटवर किंवा खोक्यात बसून. निर्यातीच्या लाकडास एक परवाना लागतो. २००२ साली ठरलेल्या पंधराव्या आंतरराष्ट्रीय वनस्पती-स्वच्छता मानकानुसार त्या लाकडाच्या गाभ्याचे उष्णतामान सलग ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअस राहील अशा बेताने ते भट्टीत तापवावे लागते, म्हणजे आतली कीड परमुलखात उतरत नाही. मग त्यावर गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह, देशाची अक्षरे आणि उष्णोपचाराची ‘एचटी’ ही खूण उमटवितात. येथील कामगाराचे लाडके यंत्र म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी खिळ्यांची गन. तिचे महत्त्व कळण्यासाठी एकच हिशेब पुरे. १२०० बाय ८०० मिलिमीटरच्या प्रमाणित युरोपीय पॅलेटमध्ये ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे असतात. हातोड्याने एक खिळा बसविण्यास चार ठोके धरले, तरी एका पॅलेटला तीनशेहून अधिक ठोके होतात. दिवसभरात अशी पन्नास पॅलेटे केली तर मनगटावर पडणारे पंधरा हजारांहून अधिक आघात ह्या एका यंत्राने वाचविले. एवढ्यावरून कामगार त्या गनला का जपतो हे कळावे.

त्या उलट परदेशातून यंत्रसामग्री घेऊन जी खोकी ह्या पट्ट्यात येतात, ती रिकामी झाल्यावर भंगाराच्या वाटेने पुन्हा बाजारात उतरतात. चिखलीजवळची कुदळवाडी हे अशा भंगाराच्या आणि जुन्या लाकडाच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तेथील बांधकामांवर मोठी कारवाई केली आणि तो व्यापार विखुरला. पण जर्मनीहून किंवा जपानहून आलेल्या पाइनच्या फळ्यांतून येथे कितीएक दिवाण, मांडण्या, दुकानांची फडताळे झाली, आणि आजही एखाद्या कामगार-वस्तीतील खाट उलटी करून पाहिली तर परक्या देशाची अक्षरे आणि ती गव्हाची लोंबी खालच्या बाजूस दिसून येईल. जुन्या फळीत मोडके खिळे दडलेले असतात. रंधा मशीनचे पाते त्यावर गेले की त्याला खाच पडते; म्हणून ह्या लाकडावर काम करणारा माणूस पहिल्या छेदास स्वस्त पात्याचा कटरच उचलतो.

ह्या यंत्रांची वंशावळ थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात एक सूत्र आहे. हातात धरावयाचे पहिले विजेचे ड्रिल १८९५ साली स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने केले; १९१७ साली अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर ह्यांनी त्याला पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा बसविला; न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड मिशेलने १९२४ च्या सुमारास जी हाती धरण्याची चक्राकार करवत केली तिची कल्पना त्याला ऊसतोड पाहून सुचली, असे सांगतात; आणि स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट काउफमानने दुसऱ्या महायुद्धानंतर शिवणयंत्राच्या सुईच्या जागी करवतीचे पाते लावून जिगसॉ सिद्ध केला. प्रत्येक वेळी कोणी तरी एका धंद्याचे हत्यार पाहून दुसऱ्या धंद्याचे हत्यार निर्माण केले. आपल्याकडेही मुलुंडच्या रॅलीवुल्फने आणि कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळच्या कुलकर्णी पॉवर टूल्सने ही यंत्रे देशात घडविली, आणि कित्येक वृद्ध मिस्त्र्यांच्या पहिल्या ड्रिलवर ह्यांपैकीच एक नाव होते.

आपल्या कारागिरानेही एका धंद्याचे हत्यार दुसऱ्या धंद्यात आणले, पण ते जसेच्या तसे. रावेत, वाकड, मोशी येथील नव्या इमारतींतून स्वयंपाकघरे आणि कपाटे ठेक्यावर करणारा मिस्त्री, मग तो राजस्थानचा असो, गोरखपूरकडचा असो वा बीडचा, ज्या यंत्रावर सर्वाधिक प्रेम करतो ते कटर मुळात लाकडासाठी केलेलेच नाही. ते फरशी आणि संगमरवर कापण्याचे यंत्र आहे. त्याच्यासाठी योजलेल्या हिरकणीच्या चकतीला दात नसतात, ती दगडाला घासत जाते. कारागीर त्यात कार्बाइडच्या दातांची चकती बसवितो. यंत्र तीनेक किलोंचे, एका हातात मावणारे, लाकडाच्या चांगल्या करवतीच्या मानाने पुष्कळ स्वस्त, कोणत्याही कोपऱ्यावरच्या दुकानात दुरुस्त होणारे. प्लायवूड, सनमायका, ॲल्युमिनियमची पट्टी, प्रसंगी फरशीचा तुकडा, सारे त्याला चालते. ते प्लायच्या फळीखाली उलटे बसवून त्याची टेबल-करवतही केली जाते. ज्याला दररोज दुचाकीवरून निराळ्या इमारतीत जावयाचे आहे आणि ज्याचे सारे भांडवल एका थैलीत आहे, त्याने हे यंत्र निवडले ह्यात शहाणपण आहे, आणि त्या शहाणपणाविषयी मला आदर वाटतो.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ११० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटास १३,००० फेरे घेते तेव्हा तिच्या दातांचा वेग सेकंदास सुमारे ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटर होतो. चाकणमध्ये तयार होणाऱ्या बहुतेक मोटारींना इतके धावता येत नाही. लाकडाची खरी करवत १८५ मिलिमीटरची असूनही ५,००० फेऱ्यांच्या आसपास फिरते, आणि तिच्या दातांचा वेग सेकंदास पन्नास मीटरांच्या आतच राहतो. कापलेली फट मिटून पाते आवळले गेले की यंत्र उसळून कारागिराच्या अंगावर येते. त्यातच मोठी चकती बसावी म्हणून आवरण काढून ठेवलेले आणि बटण दाबलेल्या स्थितीत अडकविलेले असेल, तर हातातून सुटलेले यंत्र फिरतच राहते. बोट जाण्यास पापणी लवण्याएवढाही अवधी लागत नाही. लाकडाच्या धुळीस आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ साली मानवास निश्चित कर्करोगकारक ठरविले आहे; बंद खोलीत नाकावर रुमालसुद्धा न बांधता दिवसभर प्लाय कापणाऱ्या मुलांच्या हे कानावरही आलेले नसते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांच्या फिरत्या भागांस आवरण सक्तीचे केले, पण चार माणसे मिळून कोणाच्या सदनिकेत कपाट करतात ती जागा कायद्याच्या दृष्टीने कारखाना ठरत नाही, आणि तेथे तपासणीस कोणी अधिकारी येत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारासह अठरा व्यवसायांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. त्या रकमेत आवरणासह लाकडाची चक्राकार करवत येऊ शकते, आणि माझ्या मते पात्र कारागिराने पहिली खरेदी तीच करावी.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी येत्या वर्षात सुतारकाम निघेल. त्यांना विनंती एवढीच की, मिस्त्री कामावर आला म्हणजे दर ठरविण्याबरोबरच त्याच्या कटरला आवरण आहे की नाही ते पाहावे, नसेल तर त्याची किंमत आपण द्यावी, खिडक्या उघड्या ठेवून चांगला मास्क आणि चष्मा आपल्या खर्चाने आणून द्यावा, आणि दिवाळीच्या आत काम पुरे झालेच पाहिजे असा तगादा त्याच्यामागे लावू नये.